दुखणं कुणासाठी सोसताय? पुण्यातल्या एका कॅथलिक वडिलांच्या अखेरच्या आजाराचं प्रकरण

पॅलिएटिव्ह केअर पथकाच्या, म्हणजे असाध्य आजारात वेदना शमवून शुश्रूषा करणाऱ्या पथकाच्या, फायलीतली एक नोंद अशी आहे : पुरुष, वय ७४, निवृत्त टर्नर, विधुर, राहणार वडगाव शेरी, पुणे. प्रोस्टेटचा कर्करोग, कमरेच्या मणक्यांत आणि डाव्या मांडीच्या हाडात पसरलेला. वेदना तीव्र. वेदनाशामक औषधं घेण्यास नकार. नकाराचं कारण : धार्मिक.

हा रुग्ण म्हणजे माझे पप्पा. 'धार्मिक' या शब्दापाशी फाईल थांबली होती आणि तिच्याबरोबर आम्ही सगळेच थांबलो होतो. त्यांच्या माघारी पथकातल्या नर्सताईंनी विचारलं, घरोघरी जाणाऱ्या नव्या स्वयंसेवकांना शिकवताना वापरता येईल असं हे प्रकरण लिहून द्याल का? नावं, चर्च, दवाखाना गाळून आणि भावाच्या संमतीनं ते इथे मांडते आहे. पप्पांची श्रद्धा मोठी होती, एवढंच सांगायचं असतं तर शोकसभेत ते सांगून झालंच होतं. पण त्या श्रद्धेत शिरल्याशिवाय त्यांच्या वेदनेवर औषध लागू पडत नव्हतं, आणि ते कसं, हे तपशिलात सांगायला हवं.

पप्पा आणि त्यांची प्रार्थना

पप्पा संगमनेर तालुक्यातल्या एका खेड्यात १९५० साली जन्मले. त्या पट्ट्यात जेसुइट या कॅथलिक संघाच्या जर्मन आणि स्विस धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम केलं. आमचं घराणं त्या काळात ख्रिस्ती झालं. लहानपणी त्यांनी लॅटिनमधली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या सभेनंतर, ती मराठीत आली, तेव्हा ते शाळकरी पोरगे होते. आपल्या बोलीत देवाशी बोलता येतं याचं त्यांना शेवटपर्यंत अप्रूप होतं. पुण्यात पिंपरीच्या कारखान्यात लेथवर नोकरी लागली, लग्न झालं नाना पेठेतल्या सिटी चर्चमध्ये. हे चर्च १७९२ चं. सवाई माधवराव पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी पेशव्यांनीच जागा दिली होती, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत.

रोज पहाटे रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांची एक रोझरी म्हणजे सुरुवातीचे तीन धरून त्रेपन्न वेळा 'नमो मरिये', आणि दर वेळी त्यात 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' ही विनंती. साठ-पासष्ट वर्षं रोज स्वतःच्या मरणाचा उल्लेख करणारा माणूस मरणाला अनोळखी नसतो. वेदनाही त्याच्या तितक्याच ओळखीची असेल असं मात्र नाही, आणि इथेच आमचा अंदाज चुकत होता. प्रायश्चित्तकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीतल्या चौदा प्रसंगांची प्रार्थना, आमच्या चर्चच्या धर्मग्रामात तेच चालवत. त्यांचा आवाज चढा नव्हता, पण तिसऱ्यांदा प्रभू पडतो त्या नवव्या स्थानाशी तो दर वर्षी बसायचा.

आई एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेली. पुण्यात तेव्हा ऑक्सिजनची खाट मिळणं म्हणजे काय होतं, हे इथल्या माणसांना वेगळं सांगायला नको. पप्पा स्वतः पॉझिटिव्ह होते, घरातच एका खोलीत. आईला शेवटचं पाहता आलं नाही. तिच्यापाशी धर्मगुरू पोहोचू शकले नाहीत. मरणाआधीचे संस्कार राहिले : पापनिवेदन झालं नाही, तेल लावलं गेलं नाही, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) मिळाला नाही. दफन झालं ते पीपीई घातलेल्या चार माणसांच्या हातून. पप्पांनी ते मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. दवाखान्यातून तिचं सामान प्लास्टिकच्या पिशवीत आलं, ती पिशवी त्यांनी कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

माझा धाकटा भाऊ तेव्हापासून चर्चला येईनासा झाला. पप्पा त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, पप्पांनी सावरून घेतलं. रोझरी चालू होती, रविवार चुकत नव्हता. आणखी काय विचारायचं?

नकार

२०२२ मध्ये कंबर धरली. आयुष्यभर लेथपाशी उभं राहण्याचा परिणाम, असं समजून काही महिने बाम आणि शेक यांत गेले. मग रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराची सूचना देणारा घटक, खूप वाढलेला आढळला, बोन स्कॅनमध्ये हाडं उजळली. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते बंद केलं की तो पुष्कळदा बराच काळ आवरतो. पप्पांनाही वर्षभराहून जास्त चांगला काळ मिळाला. २०२३ च्या शेवटी उपचार जुमानेनासे झाले आणि रात्रीचं दुखणं सुरू झालं.

हाडात पसरलेल्या कर्करोगाचं दुखणं कूस बदलताना कळवळून येतं, खोकला आला तरी झिणझिणतं, आणि रात्री वाढतं. पथकातल्या डॉक्टरांनी ट्रमाडोल हे वेदनाशामक दिलं, मग त्याहून जोरकस मॉर्फिन सुचवलं. शून्य ते दहा या मापात दुखणं किती, असं विचारलं की पप्पा म्हणायचे, "दोन." दोनवाला माणूस पहाटे चारला उशी दातांत धरत नाही.

राखेचा बुधवार, म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, २०२४ मध्ये १४ फेब्रुवारीला होता. त्यानंतरच्या आठवड्यात नर्सताईंनी गोळ्यांच्या पट्ट्या मोजल्या. हिशेब जुळेना. घरातल्या वेदीवर मरियेच्या मूर्तीमागे न उघडलेल्या पट्ट्या सापडल्या. पप्पा शांतपणे म्हणाले, "मी घेत नाही. मला घ्यायच्या नाहीत."

या नकाराचे आमच्या घरात तीन अर्थ लागले. डॉक्टरांना वाटलं, हे नैराश्य असावं. विधुर, आजारी, जेवण कमी, झोप नाही. शंका रास्त होती. भाऊ म्हणाला, हे धर्मानं डोक्यात घातलेलं आहे, वेदना पवित्र असते म्हणे. नातेवाइकांना वाटलं, मॉर्फिन म्हणजे व्यसन, काका घाबरले असतील. त्यांतल्या एकांनी गोळी कुटून ज्यूसमधून द्यायचा सल्ला दिला. मी आणि भावानं तो तिथल्या तिथे नाकारला. त्या घरात आमच्या हातचं पाणीही त्यांनी संशयानं प्यावं, ही किंमत आम्हाला मोजायची नव्हती. इतर सगळ्या बाबतींत आमचं जमत नसे, या बाबतीत जमलं.

पप्पांकडे उत्तर तयार होतं. मार्कच्या शुभवर्तमानात, क्रूसावर खिळण्याआधी प्रभूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला आणि त्यानं तो घेतला नाही. "त्यानं शुद्धीवर राहून सोसलं," पप्पा म्हणायचे. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं आहे ते मी माझ्या देहानं भरून काढतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ मध्ये मानवी दुःखाच्या अर्थावर लिहिलेल्या पत्राची सुरुवात याच ओळीनं होते. आपलं दुःख दुसऱ्यासाठी वाहणं ही कॅथलिक परंपरेतली खरी, जुनी आणि आदरानं पाहावी अशी गोष्ट आहे. तिला खूळ म्हणणाऱ्याला पप्पांनी दार उघडलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.

पण हे उत्तर खरं असूनही पुरं नव्हतं.

प्रश्न

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (अखेरच्या आजाऱ्यांचं शुश्रूषागृह) उभारणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी 'समग्र वेदना' अशी एक कल्पना मांडली. शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं. एक पदर सोडून बाकीचे ओढले तर गाठ घट्ट होते. आमच्या नर्सताई सातारच्या, माळकरी घरातल्या. त्यांना शुभवर्तमानं पाठ नव्हती. पण एका दुपारी पप्पांची पाठ पुसताना त्यांनी जे विचारलं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"काका, हे दुखणं कुणासाठी सोसताय?"

पप्पा पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिच्यासाठी. तिला तेल लागलं नाही."

सगळं तिथे उलगडलं. आई संस्कारांवाचून गेली, म्हणजे ती शुद्धीस्थानात, स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेत, अडकली असेल, हा त्यांचा तीन वर्षांचा घोर होता. शुद्धीस्थानातल्या आत्म्यांसाठी जिवंत माणसं प्रार्थना करू शकतात, आपलं दुःख अर्पण करू शकतात, ही शिकवण त्यांनी जन्मभर ऐकली होती. आता देवानं त्यांच्या हाती अर्पण करण्यासारखं काहीतरी दिलं होतं. गोळी घेणं म्हणजे तिच्या वाट्याचं तिच्याकडून काढून घेणं. ज्याला आम्ही नकार समजत होतो ते एका नवऱ्याचं बायकोसाठी चाललेलं काम होतं.

मला इथे एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. नर्सताईंनी 'का घेत नाही' असं विचारलं असतं तर त्यांना पुन्हा मार्कचं शुभवर्तमान ऐकायला मिळालं असतं. 'का' विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. 'कुणासाठी' विचारल्यावर पप्पांना बचाव करावा लागला नाही.

फादर

डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, आता माझ्याआधी तुमच्या फादरांना बोलवा. फादर आले. त्यांनी प्रवचन दिलं नाही. प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "काका, पाचवं स्थान कुठलं?"

पप्पांना विचारावं आणि येऊ नये असं शक्यच नव्हतं. पाचवं स्थान, शिमोन कुरेनेकर येशूचा क्रूस वाहायला मदत करतो.

"प्रभूनं त्याला नको म्हटलं?"

"नाही."

"त्यानं खांदा दिल्यामुळे प्रभूचं अर्पण कमी झालं?"

पप्पांनी उत्तर दिलं नाही, पण नजर वळवली नाही. फादरांनी पुढे सांगितलं, की द्राक्षारस नाकारणाऱ्या प्रभूनंच योहानाच्या शुभवर्तमानात 'मला तहान लागली आहे' असं म्हणून शेवटी आंब (आंबट द्राक्षारस) ओठांना लावून घेतली. दुःख अर्पण करणं हे विश्वासणाऱ्याच्या मर्जीवर आहे, चर्च ते कुणावर लादत नाही. १९५७ मध्येच पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केलं होतं, की मरणासन्न माणसाची वेदना अमली औषधांनी शमवणं धर्माला मान्य आहे. मरण घडवण्याचा हेतू नसला आणि दुसरा उपाय नसला, तर त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरीही. आजच्या धर्मशिक्षणग्रंथात हेच आहे, आणि असाध्य आजाऱ्याची अशी शुश्रूषा करणं ही निःस्वार्थ प्रीती आहे, असंही त्यात म्हटलं आहे.

डॉक्टरांनी यात एकच भर घातली. वेदनेच्या मापात मॉर्फिन दिलं तर आयुष्य कमी होतं असं अनुभवाला येत नाही, आणि खऱ्या दुखण्यावर दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं क्वचितच घडतं. बद्धकोष्ठ मात्र जवळपास हमखास होतं, म्हणून सोबत रेचक पहिल्या दिवसापासून.

पण आईचं काय? खरी गाठ तिथे होती. फादर दुसऱ्या दिवशी एक छापील कागद घेऊन आले आणि पप्पांना मराठीत समजावून सांगितला. व्हॅटिकनच्या अपोस्टॉलिक पेनिटेन्शरी या कार्यालयानं २० मार्च २०२० रोजी जाहीर केलेला आदेश. ज्यांना मरणाच्या वेळी तेलाचा संस्कार आणि अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद मिळू शकत नाही, त्यांना चर्च पूर्ण दंडमाफी देतं, म्हणजे क्षमा झालेल्या पापांबद्दल भोगायची उरलेली शिक्षाही माफ. अट अशी, की माणसाच्या मनाची तयारी असावी आणि त्यानं आयुष्यात नेमानं काही प्रार्थना केलेली असावी. एरवी लागणाऱ्या बाकीच्या अटी चर्च स्वतः भरून काढतं. जवळ क्रूस असावा, अशी शिफारस आहे.

पप्पांनी कागद स्वतः हातात घेतला. मग मला कपाटाचा खालचा खण उघडायला सांगितला. पिशवीत आईचा मोबाइल होता, चार्जर, चष्मा, केसांचा चाप आणि रोझरी. रोझरीला क्रूस असतोच. त्यांनी तो फादरांना दाखवला आणि विचारलं, "हा चालेल ना?" फादर म्हणाले, "हाच."

ते रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

त्याच भेटीत फादरांनी पप्पांना तेलाचा संस्कार दिला, कपाळाला आणि दोन्ही तळहातांना. आमच्याकडे जुन्या माणसांच्या मनात पक्कं बसलं आहे, की तेल घेऊन फादर आले म्हणजे संपलं. १९७२ च्या सुधारणेपासून हा संस्कार गंभीर आजाऱ्यासाठी आहे, अगदी शेवटच्या घटकेसाठीच राखलेला नाही, आणि आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांत फादरांना बोलवायला उशीर होतो. स्वयंसेवकांनी एवढं जरी सांगितलं तरी पुष्कळ होईल.

पुढचे महिने

पप्पांनी मॉर्फिनला लगेच होकार दिला असं नाही. त्यांनी बोलणी केली. घेईन, पण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन, प्रभू क्रूसावर होता त्या वेळात नाही. भाऊ वैतागला. डॉक्टरांनी कागदावर वेळा मांडल्या. साधं मॉर्फिन दर चार तासांनी द्यायचं असतं. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन. अकराची गोळी त्यांना तीनपर्यंत पुरणार होती. एकही मात्रा न चुकवता तिन्ही तास त्यांचे राहिले. माझ्या मते संपूर्ण उपचारातला हा सर्वांत कौशल्याचा भाग होता. २९ मार्चला ते बारा ते तीन जागे होते, आईची रोझरी हातात घेऊन.

मांडीच्या हाडावर एकाच बैठकीत रेडिएशन दिलं. त्याचा गुण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. ३१ मार्चला, पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला), ते व्हीलचेअरवर मिस्सेला आले. मॉर्फिन साध्या औषधदुकानात मिळत नाही, परवाना असलेल्या संस्थेतून नोंद करून घ्यावं लागतं. ते काम भावानं शेवटपर्यंत केलं, एकदाही खंड न पाडता.

मग पप्पा शांत झाले का? शोकसभेत सगळे म्हणाले, किती शांतपणे गेले. ते तितकंसं खरं नाही, आणि तसं म्हटल्यानं त्यांची श्रद्धा लहान होते. मे महिन्यात त्यांना रात्री भीती वाटायची. अंधार नको म्हणायचे. स्तोत्रसंहितेतलं बाविसावं स्तोत्र वाचायला लावायचे, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' मी पुढच्या आशेच्या ओळींकडे सरकले की थांबवायचे आणि पहिल्या ओळी पुन्हा वाचायला सांगायचे. घाबरलेल्या माणसानं धरून ठेवलेला विश्वास मी तेव्हा पाहिला. धीर आलेल्या माणसाच्या विश्वासापेक्षा मला तो जास्त भक्कम वाटतो.

जूनमध्ये न्यूमोनिया झाला. व्हेंटिलेटर नको, हे त्यांनी आधीच लिहून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा पूर्वसूचनेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. धर्माकडूनही अडचण नव्हती, फार त्रासाचे आणि फळ नसलेले उपचार थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे, असं धर्मशिक्षणग्रंथच सांगतो. तरी भावाचा पाय निघेना. अँब्युलन्सचा नंबर त्यानं दोनदा फिरवला आणि दोनदा तोडला. मग तो पप्पांजवळ बसला. फादरांनी दुसऱ्यांदा तेल लावलं, जिभेवर ख्रिस्तप्रसादाचा छोटा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा गेले. आईच्या शेजारी जागा नव्हती, त्याच रांगेत पुढे मिळाली.

भावाचा आक्षेप

भावानं संमती देताना एक अट घातली होती, की त्याचं म्हणणंही लिहायचं. त्याचं म्हणणं असं : पप्पांच्या वेदनेला परवानगी लागली, ती एका कागदावर आणि एका धर्मगुरूच्या शब्दावर अवलंबून राहिली. तो कागद नसता तर? फादर तितके जाणते नसते तर?

माझं मत वेगळं आहे. फादरांनी परवानगी दिली असं मला वाटत नाही. पप्पांना ज्या भाषेत विचार करता येत होता त्या भाषेत त्यांनी उत्तर दिलं, निर्णय पप्पांचाच होता आणि त्यांनी तो घासाघीस करून घेतला. पण भावाचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. पुण्यात जेसुइट आहेत, रामवाडीला १९५५ पासून धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी आहे, जाणता धर्मगुरू शोधणं इथे अवघड नाही. संगमनेरच्या आडगावात तसं असेलच असं नाही.

म्हणून मी हाच प्रश्न नर्सताईंना विचारला. फादर आले नसते, पप्पांनी शेवटपर्यंत गोळी घेतली नसती, तर तुम्ही काय केलं असतं? त्या म्हणाल्या, "पाठ पुसली असती, कूस बदलली असती, उशा लावून दिल्या असत्या. आणि दर खेपेला गोळी घेणार का ते विचारलं असतं. ते नाही म्हणाले असते तर परत पुढच्या खेपेला."